चिमणी बसली तरी लोखंड वाकतं

लोखंडी चौकोनी पाईपवर चिमणी येऊन बसली तर पाईप वाकतो का? वाकतो! एक मीटर अंतरावर दोन टेकू ठेवा आणि त्यांवर पन्नास बाय पन्नासचा, तीन मिलिमीटर भिंतीचा पाईप आडवा टाका. चिमणीचं वजन पंचवीस-तीस ग्रॅम. तेवढ्या भारानेही पाईपचा मध्य साधारण ०.०००१ मिमी खाली जातो आणि ती उडाली की परत वर येतो. डोळ्याला दिसत नाही, हाताला कळत नाही, पण वाकणं घडतं. अजिबात न वाकणारी वस्तू जगात नाही. पोलाद असो, दगड असो, काच असो, प्रत्येक वस्तू ही स्प्रिंगच आहे. काही स्प्रिंगा मऊ, काही कडक, एवढाच फरक.

हे एकदा पटलं की घरच्या घरी यंत्र बनवू पाहणाऱ्याच्या डोक्यातले सगळे प्रश्न नव्याने मांडावे लागतात.

नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे सागाचं जंगल आहे आणि सागवानी दारावर, देव्हाऱ्यावर नक्षी कोरणारं, संगणकाच्या हुकमावर चालणारं सीएनसी राउटर आता आपल्याकडच्या सुतारकामाला परकं राहिलेलं नाही. आडव्या पलंगासारखा सांगाडा, त्यावर पुढेमागे सरकणारा पूल, म्हणजे गॅन्ट्री, आणि पुलावर डावी-उजवीकडे, वर-खाली सरकणारा, कटर गरगर फिरवणारा स्पिंडल. तयार यंत्राची किंमत लाखांत जाते. मग लातूरच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा फॅब्रिकेशनवाला, तंत्रनिकेतनातला एखादा पोरगा किंवा नांदेडजवळ विष्णुपुरीच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतला एखादा विद्यार्थी म्हणतो, आपणच बनवू की. हे वेड महाराष्ट्राला नवं नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि २००२ मध्ये एमआयटीच्या बाहेरची जगातली पहिली फॅब लॅब, म्हणजे हवं ते स्वतः बनवून बघायची कार्यशाळा, उभी राहिली ती तिथेच. अमेरिकेतल्या एमआयटीनंतर थेट पाबळ!

यंत्राच्या मेंदूची चिंता तर मिटलेलीच आहे. १९५२ मध्ये एमआयटीने आकड्यांवर चालणारं पहिलं मिलिंग यंत्र लोकांना दाखवलं, तेव्हा त्याच्या नियंत्रणाला कपाटंच्या कपाटं भरून इलेक्ट्रॉनिक नळ्या लागल्या होत्या. आज तेच काम तळहाताएवढ्या बोर्डावर चालतं. २००९ मध्ये सिमेन स्कोग्सरुड या तरुणाने लिहिलेली जीआरबीएल नावाची प्रणाली जगभर फुकट मिळते. मेंदू कुरियरने घरी येतो. शरीर मात्र स्वतः घडवावं लागतं. ते कशाचं घडवायचं आणि माल कुणाकडून आणायचा, खरी मजा इथेच आहे.

आधी एक छोटा हिशेब. यंत्रातली स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. तिला जोडलेला बॉलस्क्रू, म्हणजे आट्यांचा दांडा, एका फेऱ्यात गॅन्ट्री ५ मिमी सरकवतो. म्हणजे एक पाऊल ०.०२५ मिमीचं. माणसाचा केस साधारण ०.०७ मिमी जाड असतो, तेव्हा केसाच्या एका जाडीत जवळजवळ तीन पावलं बसली. केवढं हे वचन! आता आपल्या त्याच पाईपवर दहा किलोचा जोर द्या. मध्य ०.०५ मिमीने दबतो. मोटरने कष्टाने टाकलेली दोन पावलं सांगाड्याने गिळून टाकली. आणि हा जोर गुपचूप बसून राहणारा नाही. स्पिंडल मिनिटाला २४,००० फेरे घेतो, कटरला दोन धारा असतात, म्हणजे सेकंदाला ८०० वेळा लाकडाचा चावा घेतला जातो. सेकंदाला ८०० धक्के!

यंत्र मोडणार नाही ना, ही भीती सोडून द्या. ते मोडत नाही. ते वाकतं. पुलाचा इंजिनिअर ताकद मोजतो, यंत्र बनवणाऱ्याने ताठपणा मोजायचा असतो.

मग ताठपणा येतो कुठून? भरीव, जाडजूड लोखंडातून, असं कुणीही म्हणेल. इथे पहिला धक्का बसतो. आपल्या पोकळ पाईपच्या एक मीटर तुकड्याचं वजन सव्वाचार किलोच्या आसपास. तेवढ्याच वजनाची भरीव चौरस सळई घेतली तर ती चोवीस मिमीचीही भरत नाही, आणि तोच दहा किलोचा जोर दिला तर ती पाईपच्या जवळजवळ आठपट वाकते. लोखंड तेवढंच, पैसे तेवढेच. फरक फक्त मध्ये हवा असण्याचा.

असं का? पट्टी वाकते तेव्हा तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. अगदी मध्यावरचं लोखंड दाबलंही जात नाही की ताणलंही जात नाही. ते नुसतं बसून खातं. शिवाय मध्यापासून दुप्पट दूर असलेला कण वाकण्याला चौपट विरोध करतो. मग आतलं आळशी लोखंड काढून बाहेरच्या कडेला नेऊन बसवलं तर? तयार झाला पाईप. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात पक्ष्यांची हाडं आणि गवताच्या पोकळ काड्या यांबद्दल हेच लिहून ठेवलं आहे. बांबूला हे त्याच्याही फार आधीपासून माहीत होतं.

याच नियमाची पुढची भेट तर फुकटात मिळते. पन्नास बाय शंभरचा, तीन मिमीचा पाईप घ्या. वजन आधीच्या दीडपट. तो उभा ठेवला, म्हणजे शंभरची बाजू वर-खाली, तर दहा किलोला तो ०.०५ ऐवजी फक्त ०.००९ मिमी वाकतो. पाचपटीहून अधिक फायदा. तोच पाईप आडवा ठेवला की या फायद्याचा दोन तृतीयांश भाग गेला. विकत घेताना एक पैसा जास्त दिला नाही, वेल्डिंग करताना फक्त पाईपची कूस बदलली, आणि यंत्र तिप्पट ताठ झालं! टेकूंमधलं अंतर निम्मं केलं तर वाकणं आठव्या हिश्शावर येतं. एक जास्तीचा पाय कधीकधी महागड्या पोलादापेक्षा जास्त काम करतो तो यामुळे.

पण माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वांत थक्क करणारं गणित पिळाचं आहे. गॅन्ट्री नुसती वाकत नाही, तिला पीळही बसतो, कारण स्पिंडल तिच्या एका अंगाला लटकलेला असतो आणि कटर खाली ओढ घेत असतो. आता आपल्या पन्नासच्या पाईपला लांबीभर एकच चीर पाडा. करवतीच्या पात्याएवढी. लोखंड गेलं चिमूटभर. पिळाविरुद्धचा त्याचा ताठपणा किती कमी होईल? दहा टक्के? निम्मा? तो जवळजवळ एकशे ऐंशी पटीने कमी होतो! विश्वास बसत नसेल तर कापडाच्या दुकानातून पुठ्ठ्याची नळी आणा. दोन्ही टोकं धरून पिळून बघा, मग कात्रीने लांबीभर एक चीर द्या आणि पुन्हा पिळा. हातात काही उरलंच नाही असं वाटेल.

बंद नळीत पिळाचा जोर भिंतीभिंतीतून गोल फिरत राहतो. चीर पाडली की त्याची वाटच तुटते. म्हणून उघड्या तोंडाचा सी चॅनल दिसायला कितीही दणकट असला तरी गॅन्ट्रीला एकटा वापरू नये. दुकानात चॅनलच मिळाला तर दोन चॅनल तोंडाला तोंड लावून सलग वेल्ड करा. पेटी बंद झाली की तोच माल वेगळाच होऊन जातो.

हे तत्त्व भव्य आकारात बघायचं असेल तर लातूरजवळच्या हरंगुळचा मराठवाडा रेल्वे कोच कारखाना आठवा. तिथून पहिल्या डब्याचा सांगाडा डिसेंबर २०२० मध्ये बाहेर पडला. आजकालचा एलएचबी डबा साडेतेवीस मीटर लांब असतो आणि त्याच्या भिंतीचा पत्रा असतो जेमतेम दोन मिमीचा. दोन मिमी! आपल्या पाईपच्या भिंतीहून पातळ. तरी तो शंभर माणसं पोटात घेऊन धावतो, कारण छप्पर, भिंती आणि तळ मिळून ती एक बंद नळी झालेली असते.

आता कोणता धातू, हा प्रश्न. पोलाद की ॲल्युमिनियम? ॲल्युमिनियमचे खाचांचे तयार दांडे मिळतात. पाचशे अंशांच्या आसपास तापवून मऊ केलेला ठोकळा प्रचंड जोराने साच्याच्या भोकातून रेटतात आणि पलीकडून सहा-सहा मीटरचा सरळसोट, खाचाखाचांचा दांडा निघतो. बोल्टने जोडायचा, चुकला तर सोडवायचा. वेल्डिंग नाही, रंग नाही. मोह पडणारच. ताठपणात मात्र ॲल्युमिनियम पोलादाच्या एक तृतीयांश. म्हणजे त्याच मापाचा, त्याच जाडीचा दांडा तिप्पट वाकणार.

पण थांबा, ॲल्युमिनियमचं वजनही पोलादाच्या एक तृतीयांशच आहे. ताठपणाला घनतेने भागा. पोलादासाठी २०० भागिले ७.८५, उत्तर साडेपंचवीस. ॲल्युमिनियमसाठी ७० भागिले २.७, उत्तर सव्वीस. टायटॅनियम घ्या, चोवीस-पंचवीस. मॅग्नेशियम घ्या, पुन्हा सव्वीस. खिडकीची काच, अठ्ठावीस. एवढंच काय, पाइन जातीचं हलकं लाकूडसुद्धा रेषांच्या दिशेने मोजलं तर याच आकड्याच्या जवळपास येतं! एक धातू कोट्यवधी वर्षांच्या खडकातून भट्टीत वितळून आलेला, दुसरं ऊन-पाणी पिऊन झाडाने वाढवलेलं, तरी किलोला किलो लावला तर निसर्गाने सगळ्यांना जवळजवळ सारखाच ताठपणा वाटून दिला आहे. यामागे कुठला एक थोर नियम नाही, हा निव्वळ योगायोग समजला जातो. मला तर तो योगायोग म्हणूनच अधिक सुंदर वाटतो.

किलोमागे सगळे सारखेच असतील तर निवड किलोच्या भावावर येते, आणि किलोच्या भावात साधं पोलाद ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी स्वस्त. जागचा न हलणारा तळ जड असला तर उलट चांगलंच. म्हणून तळाला पोलाद. सतत सरकणारी गॅन्ट्री हलकी असली तर मोटरला बरं, तिथे ॲल्युमिनियमचा विचार करायला हरकत नाही.

हरकत नाही, पण आपल्या उन्हाचं काय? नांदेडला मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो आणि थंडीच्या पहाटे बारापर्यंत उतरतो. तीस अंशांचा हा फरक. एक मीटर पोलाद तेवढ्यात ०.३६ मिमी वाढतं, ॲल्युमिनियम ०.६९ मिमी. आता ॲल्युमिनियमच्या दांड्यावर पोलादाची रेल, म्हणजे यंत्राचे भाग जिच्यावरून सरकतात ती पट्टी, बोल्टने घट्ट आवळली आहे अशी कल्पना करा. दोघं वेगवेगळं वाढू पाहतात, कुणीच सोडत नाही, आणि जोडी कमानीसारखी वाकते. डिसेंबरात पत्र्याच्या शेडमध्ये सरळ लावलेली गॅन्ट्री मे महिन्यात वेगळंच बोलू लागते. पोलादावर पोलादाची रेल असली तर दोघं एकत्र वाढतात, एकत्र आकसतात. मराठवाड्यात यंत्र बनवायचं तर माझा कौल इथेच पोलादाकडे झुकतो.

एमडीएफ आणि प्लायवूडबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. शिकण्यासाठी उत्तम, पण पावसाळ्यात ओल पिऊन फुगतात.

बिडाबद्दल मात्र लिहायलाच हवं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, पोलादाहून जवळजवळ निम्म्याच ताठपणाचं, शिवाय ठिसूळ. तरी दोनशे वर्षं जगभरातल्या लेथचे बेड बिडाचेच का? देवळातली घंटा आणि स्वयंपाकघरातला बिडाचा तवा एकापाठोपाठ वाजवून बघा. घंटा गुंजत राहते, तवा ठप्प करून गप्प होतो. बिडाच्या पोटात ग्राफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांचं जाळं असतं. कंप त्यातून जाताना घासला जातो, विरतो, त्याची उष्णता होते. सेकंदाला ८०० धक्के देणाऱ्या यंत्राला याहून चांगलं अंथरूण कोणतं?

बिडाशी महाराष्ट्राचं नातं तर जिव्हाळ्याचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बिडाचा नांगर घडवला आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारं कच्चं लोखंड आटलं. पुरवठादारच नाहीसा झाला! तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या निकामी तोफा त्यांना दिल्या. तोफा वितळल्या, नांगर झाले. माल कुठून आणायचा या प्रश्नाला इतकं देखणं उत्तर क्वचितच मिळालं असेल. आजही बिडाचं ओतकाम करून घ्यायचं तर कोल्हापूरचं नाव आधी निघतं. पण एका यंत्रासाठी साचा बनवून घेणं परवडत नाही. घरच्या यंत्राला सोपी वाट म्हणजे पोलादी पाईपच्या पोटात खडखडीत वाळवलेली वाळू ठासून भरणं. कण कणावर घासतात आणि कंप गिळतात. ताठपणा पाईपचा, शांतपणा वाळूचा.

आता वजनाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा, आणि त्यासाठी लातूरकरांना कुणी दूरचं उदाहरण द्यायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, हजारो माणसं गेली. कोसळलेली घरं हलकी नव्हती. भिंती हातभर, दोन-दोन हात रुंद होत्या. पण दगडांचे दोन पदर, मध्ये मातीचिखल आणि दगडगोटे, आणि दोन्ही पदरांना आरपार शिवणारे जोडदगड नाहीत. धक्का बसला तेव्हा दोन पदर एकमेकांपासून फुटून निघाले आणि वरचा जड माळवदाचा भार खाली आला. तग धरून राहिलेल्या घरांची नंतर डागडुजी करताना इंजिनिअरांनी काय केलं? भिंतीत आरपार भोकं पाडून काँक्रीटचे जोड ओतले आणि भिंतींना पट्ट्यांनी एकत्र बांधलं. वजनाने घर उभं राहत नाही, जोडांनी राहतं. यंत्राच्या सांगाड्यालाही हाच नियम लागू आहे. दोनशे किलोचा तळ असेल, पण कोपऱ्यात चार टॅक, म्हणजे वेल्डचे नुसते ठिपके, मारून सोडून दिलेले असतील, तर त्या वजनाचा उपयोग नाही. कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या द्या, पाईपची तोंडं बंद करा, गॅन्ट्रीचे खांब तळाला रुंद ठेवा.

वेल्डिंगची एक खोड लक्षात ठेवा. वितळलेलं पोलाद दीड हजार अंशांच्या आसपास असतं आणि थिजताना ते आकसतं, शेजारच्या पाईपला आपल्याकडे ओढतं. एका बाजूने सलग वेल्ड मारत गेलात तर गुण्यात बसवलेली चौकट डोळ्यांदेखत तिरपी होते. म्हणून आधी सगळीकडे टॅक, मग दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे असतील तरच चौकट काटकोनात. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने थोडं थोडं वेल्ड, मध्ये विश्रांती. एवढं करूनही आत ताण उरतोच. तो घालवायला कारखाने सांगाडा सहाशे अंशांच्या आसपास तापवून सावकाश थंड करतात. जुन्या काळी ओतलेले बेड महिनोन्‌महिने उघड्या अंगणात ऊन-पाऊस खात ठेवत, तेही यासाठीच.

आता सांगाडा उभा राहिला. पण रेल बसवायला सपाट पृष्ठभाग हवा. आणि इथे एक प्रश्न उभा राहतो, जो मला कित्येक वर्षं भुरळ घालतो आहे. जगातली पहिली सपाट वस्तू कशी बनवली असेल? सपाट करायला सपाट यंत्र हवं, ते यंत्र बनवायला आणखी सपाट काहीतरी हवं. मग सुरुवात कुठून?

इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्लीच्या कारखान्यात तयार झालेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये ग्लासगोच्या सभेत याचं उत्तर मांडलं. उत्तर आहे तीन! दोन पत्रे एकमेकांवर घासून जुळवले तर ते जुळतील, पण कदाचित एकाला फुगवटा असेल आणि दुसऱ्याला तेवढाच खोलगटपणा. दोघं खोटं बोलत असतील आणि एकमेकांना साक्ष देत असतील. तिसरा पत्रा आणा. पहिला दुसऱ्याशी जुळवा, तिसराही दुसऱ्याशीच जुळवा. दुसरा खोलगट असेल तर पहिला आणि तिसरा दोघंही फुगीर निघणार. मग पहिला आणि तिसरा समोरासमोर आणा. फुगवट्यावर फुगवटा आला, खोटं उघड! निळा रंग लावून उंचवटे शोधायचे, हाताने खरवडायचे आणि पुन्हा पुन्हा फेरपालट करत जायचं. तिघंही आपसांत सगळीकडे जुळतात ती अवस्था एकच, तिघंही सपाट. ना यंत्र, ना नमुना, ना मोजपट्टी. तीन ओबडधोबड पत्रे, एक खरवडणी आणि माणसाची चिकाटी, एवढ्यातून अचूकता निर्माण झाली. आज जगातलं प्रत्येक अचूक यंत्र या ना त्या वाटेने त्या सपाटीचं वंशज आहे.

आपल्याला घरी एवढं खरवडायची गरज नाही. लेथ-मिलिंगचं काम करणाऱ्या मोठ्या वर्कशॉपकडे प्लॅनर असेल तर सांगाडा तिथे नेऊन रेलची जागा सपाट तासून घ्या. तेही जमत नसेल तर गुरुत्वाकर्षणाला कामाला लावा. सांगाड्यावर रेलच्या जागी दोन्ही बाजूंनी बांध घालायचा, दोन्ही कालवे एका आडव्या कालव्याने जोडायचे आणि त्यात पातळ, सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी ओतायचं. पाण्यासारखं ते स्वतःच समपातळीला येतं आणि तसंच दगड होतं. मग शंका येते, पृथ्वी तर गोल आहे, तिच्यावरचं पाणीही गोलाईनेच पसरतं, मग हा पृष्ठभाग फुगीर होणार नाही का? होतो! एक मीटरमध्ये ०.००००२ मिमी. सुरुवातीच्या चिमणीनेही पाईप याहून जास्त वाकवला होता. फक्त उन्हाळ्यात हे काम करू नका, उष्णतेने इपॉक्सी पसरण्याआधीच थिजू लागतं. थंडीच्या दिवसांतली सकाळ निवडा, आणि कडेला चढलेला भाग सोडून मधल्या जागेत रेल बसवा.

सपाटी तपासायला अनेक जण ओट्याचा ग्रॅनाइट आणतात. कल्पना मुळात थोर आहे. अचूक मोजमापाची टेबलं ग्रॅनाइटचीच असतात, आणि बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून मिळणारा दगड बऱ्याचदा डोलेराइटसारखा, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या काळ्या बेसॉल्टचा सख्खा चुलत भाऊ असतो. पण चकाकी म्हणजे सपाटी नाही. ओट्याचा दगड चेहरा दिसेल इतका घोटलेला असतो, तरी मध्ये लाट असू शकते. त्यापेक्षा जाड फ्लोट काच बरी. ती वितळलेल्या कथिलावर तरंगत थंड झालेली असते.

राहिला माल आणण्याचा प्रश्न. माझा सरळ हिशेब आहे. जड वस्तू जवळून घ्यायची, अचूक वस्तू लांबून आली तरी चालेल. पाईप गावातच घ्या. जालना हे मराठवाड्याचं स्वतःचं पोलादगाव, पण तिथून मुख्यतः बांधकामाच्या सळया येतात. चौकोनी पाईप मोठ्या कारखान्यांत पत्र्याच्या गुंडाळीपासून होतो. पट्टी वळवत वळवत कडा समोरासमोर आणतात, उच्च वारंवारतेच्या विजेने कडा क्षणात तापवतात आणि दाबून एकजीव करतात. वरून वेगळा धातू टाकावाच लागत नाही. ती सांध्याची रेघ पाईपवर शोधा आणि रेलच्या बाजूला येऊ देऊ नका. एक डोळा मिटून पाईपच्या लांबीवरून नजर टाका, वाक लगेच कळतो.

रेल आणि बॉलस्क्रू मात्र नाव बघून घ्या. नांदेड-लातूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि आजही बरीचशी खरेदीची पावलं हैदराबादेकडे वळतात. सिकंदराबादच्या राणीगंजच्या हार्डवेअर बाजारात किंवा पुण्याच्या भोसरीकडे हा माल हाताळून बघता येतो. तैवानच्या हायविनसारख्या कंपनीची रेल अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासकट घ्या, कारण हुबेहूब नकला पुष्कळ आहेत. कॅरेज रेलवर सरकवून बघा, कुठेही अडखळता कामा नये. आत फिरणाऱ्या पोलादी गोळ्या चांगल्या प्रतीच्या असतील तर त्यांच्या गोलाईतली चूक ०.०००२५ मिमीएवढीच असते! बॉलस्क्रू सी७ प्रतीचा असेल तर ३०० मिमीला ०.०५ मिमीची चूक गृहीत धरा. लाकडाच्या कामाला तो पुरतो, जास्त प्रतीसाठी पैसे घालवू नका.

आणि पाईप घेताना जाडीबद्दल कुणाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. जाडी मोजायचं सर्वांत भरवशाचं साधन दुकानातच असतं, ते म्हणजे वजनकाटा. बिलावर आयएस ४९२३ हे मानक लिहिलेलं आहे का ते बघा, टोकाला कॅलिपर लावा, पण टोक एकाच जागेची जाडी सांगतं, काटा संपूर्ण पाईपची. पन्नास बाय पन्नासचा, तीन मिमीचा, सहा मीटर लांब नग साडेपंचवीस किलोच्या आसपास भरायला हवा. बावीस भरला तर भिंत अडीचची आहे, अठरा भरला तर दोनची. आधी काट्यावर ठेवायला सांगा, मगच पैसे द्या.